विद्यापीठीय नोकरी आणि संशोधन : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९३३–२०२३)

प्रस्तावना :

विद्यापीठ हे ज्ञाननिर्मितीचे केंद्र असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, की तेथील सुशिक्षित तरुणांना अध्यापनाच्या व संशोधनाच्या नोकऱ्या उपलब्ध होतील, अशी अपेक्षा निर्माण होते. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातही अशीच अपेक्षा व्यक्त झाली होती. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

तथापि, विद्यापीठ स्थापन होणे आणि संशोधनाची नोकरी निर्माण होणे या दोन भिन्न घटना आहेत. विद्यापीठात मोठ्या संख्येने नोकऱ्या असू शकतात. परंतु त्या कोणत्या कामासाठी आहेत, हे त्या विद्यापीठाच्या घडणीवर अवलंबून असते. भारतातील बहुतांश राज्य विद्यापीठांची घडण संशोधनाच्या नव्हे, तर संलग्नतेच्या व परीक्षेच्या तत्त्वावर झाली. सोलापूरचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. येथे अध्यापनाची नोकरी महाविद्यालयांत आली, संशोधनाची नोकरी विद्यापीठाबाहेरील संस्थांत राहिली आणि या दोहोंचा मेळ कृषी क्षेत्राचा अपवाद वगळता क्वचितच बसला. हे विभाजन कसे घडले आणि त्याचा उच्चशिक्षितांच्या नोकरीवर काय परिणाम झाला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) संलग्नक विद्यापीठाच्या रचनेतून निर्माण झालेल्या नोकऱ्यांचे स्वरूप समजून घेणे.
२) सोलापुरातील संशोधन व अध्यापन या दोन प्रवाहांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३) प्राध्यापकपदाच्या पात्रतेत झालेल्या बदलांचा, विशेषतः एम.फिल. पदवीच्या स्थानाचा, आढावा घेणे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि शिकविणारे महाविद्यालय :

आधुनिक संशोधन विद्यापीठाची कल्पना १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाशी जोडली जाते. अध्यापन करणारा प्राध्यापक हा स्वतः संशोधक असला पाहिजे, हे त्या कल्पनेचे मर्म होय. अमेरिकेत १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने हीच परंपरा पुढे नेली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठांपुढे मात्र आदर्श होता तो लंडन विद्यापीठाचा. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. साहजिकच प्रारंभीच्या मुंबई विद्यापीठास प्राध्यापकांपेक्षा परीक्षकांची आणि लिपिकांची गरज अधिक होती.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतःचे अध्यापक नेमण्याचा मार्ग खुला केला. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने पदव्युत्तर विभाग उभे राहिले आणि १९१७ मध्ये सी. व्ही. रामन हे सरकारी नोकरी सोडून तेथील पालित प्राध्यापकपदावर रुजू झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग आणि १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. हे विभाग महत्त्वाचे असले, तरी ते विद्यापीठाच्या मुख्यालयापुरते मर्यादित होते. मुंबई इलाख्यातील इतर शहरांत विद्यापीठाचे अस्तित्व संलग्न महाविद्यालय आणि परीक्षा केंद्र या दोनच रूपांत जाणवत असे.

सोलापूरला १९४० मध्ये दयानंद महाविद्यालयाच्या रूपाने उच्च शिक्षण आले. तोपर्यंत हे शहर प्रामुख्याने गिरण्यांचे व हातमागाचे शहर म्हणून परिचित होते. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, ही हजारो कुटुंबांची रोजीरोटी होती. पदवीनंतरची नोकरी म्हणजे वकिली, शाळेतील शिक्षकी किंवा सरकारी कचेरीतील कारकुनी, असे समीकरण असलेल्या शहरात महाविद्यालयीन प्राध्यापक हा एक नवा प्रतिष्ठित नोकरदार वर्ग निर्माण झाला. १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय आणि १९६२ मध्ये वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय सुरू झाल्यानंतर या वर्गाचा विस्तार झाला. त्याची नेमणूक मात्र शिकविण्यासाठी होती. ग्रंथालय, प्रयोगशाळा व वेळापत्रक या साऱ्यांची रचना पदवी परीक्षेच्या गरजेनुसार झालेली होती.

संशोधनाचा विषय झालेले शहर :

याच काळात महाराष्ट्रात संशोधन थांबलेले नव्हते. परंतु ते बहुतांशी विद्यापीठाच्या चौकटीबाहेर चालू होते. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) आणि गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) या पुण्यातील संस्था विद्यापीठाने निर्माण केल्या नव्हत्या. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे यांच्यासारख्या अभ्यासकांना तेथे संशोधन हेच मुख्य काम असलेली नोकरी मिळाली. अशा नोकऱ्यांची संख्या थोडी होती आणि त्या बहुतांशी पुण्यात एकवटल्या होत्या.

या केंद्रीकरणाचा परिणाम सोलापूरच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरील अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या अभ्यासकांसाठी तो आजही आधारभूत ठरतो. परंतु या अभ्यासामागील संस्था पुण्याची होती. सोलापूरची गिरणी, पेठा, कामगार वस्त्या आणि हातमाग हे संशोधनाचा विषय झाले. मात्र सोलापुरातील महाविद्यालयीन अध्यापकास त्याच विषयाच्या अभ्यासासाठी पूर्णवेळ नोकरी, वेळ किंवा निधी देणारी व्यवस्था शहरात नव्हती. यात पुण्यातील संस्थांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांनी केलेले काम मोलाचेच आहे. उणीव होती ती संशोधनाची नोकरी आणि अध्यापनाची नोकरी यांना जोडणाऱ्या विद्यापीठीय रचनेची.

कोरडवाहू शेती संशोधन : एक अपवाद

सोलापुरात संशोधनाची स्थायी स्वरूपाची नोकरी प्रथम आली ती दयानंद महाविद्यालयाच्याही आधी, आणि ती शेतीच्या मार्गाने. इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेच्या साहाय्याने १९३३ मध्ये देशातील निवडक अवर्षणप्रवण ठिकाणी कोरडवाहू शेती संशोधनाची योजना सुरू झाली. त्यांत सोलापूर व विजापूर यांचा समावेश होता. मुंबई इलाख्यातील या कार्यात ना. वि. कानिटकर यांचे योगदान मोठे आहे. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, दोन ओळींतील अंतर वाढवून केलेली पेरणी आणि वारंवार कोळपणी या उपायांनी जमिनीतील ओल टिकविण्याची पद्धत येथील प्रयोगांतून विकसित झाली. जिल्ह्यातील मोहोळ येथील निवड पद्धतीने तयार झालेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बी ज्वारीची जात तर महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात घरोघरी पोहोचली.

१९६८ मध्ये राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर सोलापूरचे संशोधन केंद्र त्याच्या कार्यकक्षेत आले. १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पातही सोलापूर केंद्राचा समावेश झाला. भारतातील कृषी विद्यापीठांची रचना अमेरिकेतील लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर झाली असल्याने शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीनही कामे एकाच संस्थेकडे देण्यात आली. त्यामुळे तेथील पदांची उतरंडही निराळी आहे. प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक यांच्या जोडीला वरिष्ठ संशोधन सहायक, कनिष्ठ संशोधन सहायक, कृषी सहायक अशी पदे तेथे आढळतात. संशोधन हे पदाच्या नावातच अंतर्भूत आहे. ते फावल्या वेळेत करावयाचे काम नाही. पुढे २००५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरात स्थापन झाले.

सोलापूरच्या मातीत संशोधनाची नोकरी रुजू शकत नाही, असे म्हणता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. जेथे संशोधनासाठी स्वतंत्र पद, प्रक्षेत्र, निधी आणि दीर्घ मुदतीचा विषय ठरवून देण्यात आला, तेथे ती रुजली. इतिहास, समाजशास्त्र, भाषा किंवा मूलभूत विज्ञान यांच्या वाट्याला अशी व्यवस्था आली नाही.

चार विद्यापीठे, एकच शहर :

दयानंद महाविद्यालय प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ कार्यान्वित झाल्यानंतर सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात गेला. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्यास जोडले गेले. २००४ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले. म्हणजेच ६५ वर्षांच्या आत एकाच महाविद्यालयाच्या पदवीवर चार विद्यापीठांच्या मुद्रा उमटल्या.

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक होते आणि त्या विद्यापीठात पदव्युत्तर विभागांची भक्कम पायाभरणी झाली. परंतु कोल्हापूर हे सोलापूरपासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पीएच.डी.चा मार्गदर्शक, संदर्भ ग्रंथालय, पात्रता मान्यतेचे पत्र, उत्तरपत्रिकांची तपासणी, या प्रत्येक कामासाठी सोलापूरच्या अध्यापकास एस.टी.चा प्रवास करावा लागत असे. सोलापुरात सुरू झालेल्या पदव्युत्तर केंद्राने ही गैरसोय काही अंशी दूर केली आणि त्याच केंद्रातून पुढे स्वतंत्र विद्यापीठाचा पाया घातला गेला.

नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी होते. केगाव येथील परिसरात विविध विद्याशाखांची ‘संकुले’ उभी राहिली. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. घराजवळ मिळू लागली, हे या विद्यापीठाचे निर्विवाद यश आहे. मात्र त्याला वारशाने मिळालेली रचना संलग्नक विद्यापीठाचीच होती. शंभराहून अधिक महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल व मान्यता ही कामे त्याच्याकडे आली. कुलसचिव, परीक्षा विभाग, कक्षाधिकारी, लिपिक, प्रयोगशाळा परिचर ही पदे या यंत्रणेचा कणा असतात. जिल्ह्याच्या उच्च शिक्षण व्यवस्थेतील बहुसंख्य अध्यापकीय नोकऱ्या संकुलांत नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांत असतात. विद्यापीठ जवळ आले. नोकरीचे स्वरूप मात्र फारसे बदलले नाही.

पात्रतेचा इतिहास आणि एम.फिल. :

प्राध्यापकपदासाठी संशोधनाची पदवी आवश्यक आहे की नाही, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत धोरण वारंवार बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८९ मध्ये राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, सुरू केली. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ती अधिव्याख्याता पदासाठी आवश्यक ठरली. ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम.फिल. पूर्ण केलेल्या अथवा पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेल्या उमेदवारांना त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात राज्यस्तरीय सेट परीक्षाही घेतली जाऊ लागली. परंतु पुरेसे पात्र उमेदवार नसल्याने महाविद्यालयांत नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या नेमणुका होतच राहिल्या. १९९१ ते २००० या काळात नियुक्त झालेल्या अशा अध्यापकांचा प्रश्न २०१३ पर्यंत चिघळला. त्या वर्षी राज्यातील प्राध्यापकांनी सुमारे तीन महिने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. शासनावर दबाव आणण्यासाठी अध्यापकांच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन परीक्षा हेच होते, ही बाब विद्यापीठाचा खरा आधार कोणता, हे सांगून जाते.

दरम्यान २००६ मध्ये आयोगाने पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल. धारकांना पुन्हा नेटमधून सूट दिली. अनेक पदवीधरांनी नोकरीच्या आशेने एम.फिल.ला प्रवेश घेतला आणि सेवेतील अध्यापकांनीही रजा घेऊन, सुट्ट्यांत ग्रंथालये धुंडाळून लघुप्रबंध पूर्ण केले. अवघ्या तीन वर्षांत, जुलै २००९ च्या नियमांनी ही सूट संपुष्टात आली. विहित निकषांनुसार मिळविलेल्या पीएच.डी.लाच यापुढे सूट राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. बंद करण्याची भूमिका घेतली आणि नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही पदवी संपुष्टात आणली. विद्यापीठीय विभागांतील नेमणुकीसाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचा २०१८ चा निर्णयही १ जुलै २०२३ पासून मागे घेण्यात आला. नेट किंवा सेट ही किमान पात्रता कायम राहिली.

या घटनाक्रमाचा अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. एम.फिल. ही मुळात संशोधनाची पूर्वतयारी होती. धोरणाने तिला नोकरीचा परवाना बनविले, नंतर तो परवाना काढून घेतला आणि अखेरीस पदवीच रद्द केली. जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापकाने लिहिलेले गावाच्या, यात्रेच्या, सहकारी संस्थेच्या किंवा हुतात्म्यांच्या इतिहासावरील अनेक लघुप्रबंध हे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत. ती पदवी नोकरीस उपयोगी नाही, म्हणून ते ज्ञानही निरुपयोगी ठरत नाही.

वेतन, कार्यभार आणि तासिका :

नोकरीचे आकर्षण वाढण्यामागे वेतनाचा वाटा मोठा होता. १९८६ च्या वेतनश्रेणीत अधिव्याख्यात्यास २२००–४०००, तर १९९६ मध्ये ८०००–१३५०० ही श्रेणी मिळाली. सहाव्या वेतन आयोगानंतर अधिव्याख्याता हे पदनाम जाऊन सहायक प्राध्यापक आले आणि सातव्या वेतन आयोगात त्याचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये झाले. याच काळात संशोधनाची अपेक्षाही वाढली. २०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी शैक्षणिक कार्यनिर्देशांक लागू केला आणि शोधनिबंधांचे गुण मोजले जाऊ लागले. परंतु सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्यास १६ तासांचा राहिला. काम अध्यापनाचे आणि मूल्यमापन संशोधनाचे, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. संशोधनासाठी वेळ व निधी न वाढविता केवळ गुण वाढविल्याने शोधनिबंधांची संख्या वाढली. त्या प्रमाणात गुणवत्ता वाढली, असे म्हणता येत नाही. २०१८ च्या नियमांत ही निर्देशांक पद्धत रद्द करावी लागली, हे त्याचेच द्योतक आहे.

दुसऱ्या बाजूस, नियमित पदे भरण्याचा वेग मंदावला. शासनाने २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापक पदे भरण्यास मान्यता दिली. परंतु निवृत्तीने रिक्त होणाऱ्या जागा आणि वाढती पात्र उमेदवार संख्या यांच्या तुलनेत ही भरती अपुरी ठरली. रिक्त जागांवरील अध्यापन तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे गेले. या अध्यापकास शिकविलेल्या तासांचेच मानधन मिळते. सुट्टीच्या काळाचे मिळत नाही आणि पुढील वर्षी नेमणूक होईलच, याची हमी नसते. नेट, सेट, पीएच.डी. या साऱ्या पात्रता असलेली व्यक्ती वयाच्या चाळिशीपर्यंत तासिकांवर काम करीत असल्याचे चित्र महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अपवादात्मक राहिलेले नाही.

संशोधनाच्या नोकरीचीही गत याहून वेगळी नाही. बार्टी, सारथी (२०१८) आणि महाज्योती (२०१९) या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींनी ग्रामीण व वंचित घटकांतील अनेक विद्यार्थ्यांना पीएच.डी.चा मार्ग खुला केला. त्यांचे सामाजिक मोल मोठे आहे. परंतु अधिछात्रवृत्ती मुदतबंद असते. ती संपल्यानंतर अभ्यासकाने कोठे जावे, याचे उत्तर विद्यापीठाच्या आकृतिबंधात सापडत नाही.

निष्कर्ष :

१) सोलापुरात उच्च शिक्षणाच्या नोकऱ्या प्रामुख्याने अध्यापन व परीक्षाव्यवस्थेतून निर्माण झाल्या. १८५७ च्या संलग्नक रचनेचा हा वारसा असून १९४९, १९६२ व २००४ या तीनही टप्प्यांवर तो कायम राहिला.

२) १९३३ पासूनच्या कोरडवाहू शेती संशोधनाचे उदाहरण पाहता, स्वतंत्र पदे, स्थानिक प्रश्न आणि स्थिर निधी यांची सांगड घातल्यास जिल्ह्याच्या ठिकाणीही दर्जेदार संशोधन व त्यावर आधारित नोकरी उभी राहू शकते.

३) पात्रतेच्या नियमांत वारंवार झालेल्या बदलांमुळे संशोधन पदवीकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहण्याऐवजी नोकरीची अट म्हणून पाहिले गेले. एम.फिल.चा उदय व अस्त हे त्याचे ठळक उदाहरण होय.

४) कापडगिरण्यांचे दप्तर, हातमाग व यंत्रमाग व्यवसाय, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू असा बहुभाषिक समाज, १९३० चा लष्करी कायदा, पंढरपूरची वारी आणि अवर्षण हे सोलापूरचे विषय आजही संशोधकाची वाट पाहत आहेत. विद्यापीठाची संकुले आणि संलग्न महाविद्यालये यांनी संयुक्तपणे या विषयांवर दीर्घ मुदतीची संशोधन पदे निर्माण करावीत, तसेच संशोधन करणाऱ्या अध्यापकाचा अध्यापन कार्यभार त्या प्रमाणात कमी करावा.

कोरडवाहू केंद्रातील संशोधकांनी कमी पावसाच्या जमिनीत ओल धरून ठेवण्याचा उपाय शोधला, कारण तेच त्यांचे नेमून दिलेले काम होते. जिल्ह्यातील अन्य विद्याशाखांच्या अभ्यासकांना असे काम नेमून दिले जाईल, तेव्हाच २००४ मध्ये व्यक्त झालेली अपेक्षा पूर्ण होण्याच्या दिशेने पाऊल पडेल.